बॅगेत ब्याडगी की तिकडची केयेन?

भाची शिकायला जर्मनीला निघाली आहे. "मावशी, ब्याडगीचं तिखट इथून नेऊ की तिकडची केयेन मिरचीची पूड घेऊ?" असं तिनं विचारलं. सांगलीत वर्षाचं तिखट मी घरीच करते. केयेनही वापरून झालीय.

दोन्ही मिरच्या एकाच जातीच्या, शास्त्रीय नाव कॅप्सिकम अ‍ॅन्युअम. केयेन हे फ्रेंच गयानाच्या राजधानीचं नाव. ब्याडगी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालेली.

जाळात केयेन वरचढ, तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापावर ३०,००० ते ५०,०००. ब्याडगी त्यामानानं बरीच सौम्य. पाव चमचा केयेन आमटीला पुरते, पण कट लालभडक येत नाही. ब्याडगीचं मोल रंगातच आहे. कडक उन्हात वाळलेली ती सुरकुतलेली मिरची हातात कटकन मोडते, आणि तिचं तिखट गरम तेलात पडलं की क्षणात तवंग लाल होतो. कांदा-लसूण चटणी केयेनवर जमत नाही, हे माझं ठाम मत.

टिकायला दोन्ही सारख्याच. ओल आणि ऊन लागू देऊ नये.

औषधाचं म्हणाल, तर सांधेदुखीच्या काही मलमांत मिरचीतलंच कॅप्सेसिन, म्हणजे तिला तिखट करणारं द्रव्य, असतं. पण ते मोजून घातलेलं. घरचं तिखट तेलात कालवून गुडघ्याला चोळू नये, कातडी पोळते.

रोज आमटी-भाकरी करणार असशील तर अर्धा किलो ब्याडगीचं तिखट ने, बाळा. सूपवर, अंड्यावर नुसता झणका हवा असेल तर बॅगेचं वजन वाढवू नकोस, केयेन तिथेच घे.