फुले दांपत्यावरचा पुण्यातला हेरिटेज वॉक: जाऊन या, पण जोतीरावांचे वडील गोविंदराव यांना उगाच व्हिलन केलंय

रविवारी सकाळी पुण्यात जे हेरिटेज वॉक निघतात ना, त्यातला जोतीराव-सावित्रीबाईंवरचा एक केला. ग्रुपचं नाव देत नाही, पोरं मनापासून करतात आणि मला कुणाची वाट लावायची नाहीये, कुणी जाणार असेल तर काय मिळेल काय नाही एवढंच सांगतो. माणशी ३५० रुपये, विश्रामबागवाड्यापासून सुरू, तिथून भिडेवाडा आणि मग चालत गंज पेठेतला फुलेवाडा.

सुरुवातीची आयडिया भारी आहे. १६ नोव्हेंबर १८५२ ला सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला तो विश्रामबागवाड्यात, मुलींच्या शाळा काढल्या म्हणून. गाईडने आधी तो सत्कार रंगवून सांगितला आणि मग म्हणाला आता तीन वर्षं मागे चला, याच माणसाला बापाने घराबाहेर काढलंय. सगळे गप्प. एकदम पकड घेतली पोराने.

भिडेवाड्यापाशी मात्र मजा गेली. १८४८ ची ती मुलींची शाळा जिथे भरली तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, स्मारक व्हायचंय, म्हणजे जुनं बघायला काही नाही, सगळी भिस्त गाईडच्या बोलण्यावर, आणि समोर दगडूशेठ! रविवारची गर्दी, रिक्षांचे हॉर्न, त्यात गाईडच्या गळ्यातला तो छोटा स्पीकर, मागच्या लोकांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं. हे सगळं विश्रामबागवाड्यातच सांगून घ्या की राव, इथे फक्त उभं करा.

आता मेन तक्रार. गोविंदरावांबद्दल अख्ख्या वॉकमध्ये एकच लाईन, कर्मठ बाप, आधी शाळेतून काढलं मग घरातून काढलं. संपलं. अरे बाबा, खरी गोष्ट तिथेच तर आहे! जोतीरावांची आई चिमणाबाई ते वर्षाचे व्हायच्या आत गेली, नात्यातल्या सगुणाबाईंनी सांभाळलं. शाळेतून काढलं हे खरंय, पण चरित्रात असं आहे की बापाच्या दुकानातल्या कारकुनाने कान भरले, शिकला तर शेतीच्या कामाचा राहणार नाही म्हणून, आणि पोरगं मळ्यात राबायला लागलं. मग शेजारचे फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि इंग्रज लिजिटसाहेब यांनी समजावलं तर याच बापाने १८४१ मध्ये परत स्कॉटिश मिशनच्या शाळेत घातलं की! म्हणजे कुणी येऊन सांगितलं की बदलणारा माणूस, दोन्ही बाजूंनी. हे गाईडने सांगितलंच नाही, मुन्शींचं नावसुद्धा नाही.

१८४८ चा तो ब्राह्मण मित्राच्या लग्नातला प्रसंग, वरातीत जातीवरून अपमान झाला तो, तो सांगितला आणि चांगला सांगितला. पण त्या दिवशी घरी आल्यावर काय झालं ते सोडून दिलं. बाप म्हणाला, पेशवाई असती तर याहून वाईट शिक्षा झाली असती, मुकाट सुटलास तेच नशीब. मला विचाराल तर हा बाप कर्मठ कमी आणि घाबरलेला जास्त आहे. पेशव्यांना फुलं पुरवणारं घर, १८१८ पर्यंतचं सगळं यांच्या पिढीने डोळ्यांनी बघितलेलं. पुढे १८४९ ला लोकांनी दबाव आणला तेव्हा मुलासमोर ठेवलं, शाळा सोड नाहीतर घर सोड. जोतीरावांनी घर सोडलं, सावित्रीबाई बरोबर निघाल्या. चूक बापाचीच, त्यात वाद नाही, पण भ्यायलेल्या माणसाला सरळ खलनायक केलं की मुलाचं धाडस पण जरा स्वस्त होतं असं मला वाटतं. घरात राक्षस असेल तर कुणीही निघून जाईल हो. ज्याने मुन्शींचं ऐकून का होईना शाळेत घातलं त्याच्याकडे पाठ फिरवून जाणं अवघड.

असो. गंज पेठ हा वॉकचा बेस्ट भाग. उस्मान शेख यांनी या दोघांना आसरा दिला ते नीट सांगितलं, आणि सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रातला भाग एका मुलीने वाचून दाखवला, त्यात माहेरी भाऊच यांच्या कामावर कसा चिडलाय आणि या त्याला कसं उत्तर देतात ते आहे. सासरा झाला, आता भाऊ, बाईला घरचीच माणसं किती पुरली असतील. हे वाचन एकट्याने पैसे वसूल. फुलेवाडा आतून शांत आहे, जोतीरावांची समाधी तिथेच आहे, घाई नका करू.

एक चान्स मात्र घालवला. १८६८ मध्ये घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला हे सांगितलं, पण गोविंदराव वारले ते त्याच साली, हे नाही सांगितलं. बाप असता तर जोतीरावांनी हौद उघडला असता का, यावर आम्ही तिघंचौघं नंतर चहाच्या टपरीवर बराच वेळ भांडलो. माझं म्हणणं, उघडलाच असता, परत घर सोडावं लागलं असतं तरी. एका काकूंचं म्हणणं एव्हाना म्हातारा बदललेला असणार, वीस वर्षं गेली होती. ही चर्चा गाईडने घडवायला पाहिजे होती ना!

बाकी प्रॅक्टिकल गोष्टी. मधे टॉयलेटची सोय नाही, आधीच सांगत पण नाहीत. लहान मुलं गंज पेठेपर्यंत कंटाळतात, साताठ वर्षांच्या वरची आणा. नाश्ता धरलेला नाही, पोहे खाऊन या. ११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबरला वाड्यात प्रचंड गर्दी असते, ऐकायचं असेल तर ते दिवस टाळा. आणि बुकिंग फॉर्ममध्ये नंबर दिला की पाच व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकतात, लगेच म्यूट करा.

पाचपैकी साडेतीन स्टार.