घरी बसवायची ‘दोन इंच लिफ्ट किट’ मागवताय? आधी हे वाचा

गाडीची उंची वाढवणाऱ्या सुट्या भागांच्या संचाला लिफ्ट किट म्हणतात. ज्यांच्याकडे महिंद्राची जुनी सीआरडीई (डिझेल) थार आहे, म्हणजे २०१० ते २०२० मधली, पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेली, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितोय. नवीन थार आणि जिप्सीवाल्यांनीही वाचावं. फसवायची पद्धत तीच असते, खोक्यातला माल तेवढा वेगळा. विक्रेत्याचं नाव देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. शिवाय माझे पैसे गेल्यावर त्याने दुकानाचं नावच बदललंय, त्यामुळे जुनं नाव सांगून कुणाचा फायदाही नाही.

जाहिरात अशी होती: पुढे जाड टॉर्शन बार, मागे ईएन ४५ पोलादाचे जादा कमानीचे पाटे, चार गॅस शॉकअब्सॉर्बर, लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी), नवे यू-बोल्ट, लांब ब्रेक होज. चारही बाजूंनी दोन इंच लिफ्ट. ‘आरटीओ अप्रूव्ह्ड, एआरएआय सर्टिफाइड.’ (एआरएआय म्हणजे वाहनं आणि त्यांचे भाग तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था.) किंमत ४२ हजार. आणि सगळ्यात ठळक अक्षरात ‘घरच्या घरी बसवा, साध्या पान्यांनी, एका दुपारी.’ हे शेवटचं वाक्य गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी नव्हतं, ते त्याच्या स्वतःच्या सोयीसाठी होतं. ते कसं, ते पुढे येईलच.

पैसे यूपीआयने, अर्धे आधी आणि अर्धे माल निघायच्या वेळी. माल ट्रान्सपोर्टने आला, भाडं आपण भरायचं.

खोकं उघडल्यावर पहिली नजर गेली शॉकअब्सॉर्बरवर. चकचकीत रंग, वर एका ऑस्ट्रेलियन कंपनीचं स्टिकर. गॅसचा शॉक ओळखायला मशीन लागत नाही. जमिनीवर उभा धरून पूर्ण दाबायचा आणि सोडायचा. गॅस भरलेला असेल तर दांडा हळूहळू आपला आपण वर येतो. हे चारही दाबले तसे खाली बसून राहिले. मग गाडीला असलेला महिंद्राचा जुना शॉक काढून शेजारी ठेवला, दोन्ही पूर्ण ताणले आणि या टोकाच्या बोल्टच्या छिद्रापासून त्या टोकाच्या छिद्रापर्यंत टेप लावली. लांबी सारखीच. गाडी दोन इंच उचलायची आणि शॉक मूळ लांबीचाच ठेवायचा, तर खड्ड्यात चाक खाली जाताना पाट्याआधी शॉकच संपतो. मग तो शॉक राहत नाही, साखळदंड होतो, आणि प्रत्येक हिसका माउंटिंगवर बसतो. कोमट पाण्याने स्टिकर सोडवलं तर खाली दुसऱ्याच मॉडेलचा नंबर पंच केलेला.

तिथेच विक्रेत्याला फोन केला. उत्तर फार गोड होतं. “सर, तुम्ही फिटिंग तर करा. ५०० किलोमीटर चालवा, सेटल होऊ द्या. मग काही वाटलं तर आम्ही आहोतच की.”

ही ‘सेटल’ची गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती अर्धी खरी आहे. नवे पाटे सुरुवातीला थोडे बसतात, हे कुणीही मिस्त्री सांगेल. या अर्ध्या सत्यावरच त्याचा धंदा उभा आहे. गिऱ्हाईक थांबतं, परत करायची मुदत निघून जाते, आणि तोवर माल गाडीला लागलेला असतो.

मागची बाजू आम्ही बसवली, मी आणि माझा मेव्हणा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, चासी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), एक्सलखाली जॅक. एकदा पाट्याचे यू-बोल्ट सुटले की एक्सल फक्त जॅकवर असतो, त्यामुळे जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये हे वेगळं सांगायला नको. शॅकल मूळच्यापेक्षा दोन इंच लांब होते. जाहिरातीत त्याचा हिशेब ‘दोन इंच शॅकल म्हणजे दोन इंच लिफ्ट’ असा होता. पाट्याचं एकच टोक शॅकलवर असतं, दुसरं चासीला पक्कं. त्यामुळे एक टोक दोन इंच खाली ढकललं तर मधला एक्सल साधारण एकच इंच खाली जातो. शॅकलमधून जेवढी लांबी वाढते त्याच्या साधारण निम्मीच उंची मिळते, हे गणित पाट्याच्या प्रत्येक गाडीला लागू आहे.

उंची मोजताना जमिनीपासून मोजू नका. टायरमधली हवा आणि जमिनीचा उतार घोळ करतात. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं, कामाआधी आणि नंतर, चारही चाकांना. आमचं माप बसवल्या दिवशी सव्वादोन इंच वाढलेलं होतं. पावसाळा संपेपर्यंत डावी बाजू जवळपास मूळ जागेवर आली आणि उजवी तिच्यापेक्षा अर्धा इंच वर राहिली. स्पीडब्रेकरवरून उतरताना मागून ‘टक’ असा आवाज, म्हणजे शॉक संपल्याचा.

पाटे काढून हायवेला ट्रकच्या गॅरेजांच्या ओळीत एक जुने पाटेवाले चाचा आहेत, त्यांच्याकडे नेले. त्यांनी वायर ब्रश मारला. काळ्या रंगाखाली पाट्यांच्या टोकांवर झिजून पडलेल्या चकाकत्या खाचा होत्या, दुसऱ्या पाट्याचं टोक वर्षानुवर्षं घासून पडतात तशा. नव्या पाट्याला त्या असतीलच कशा? मग चाचांनी मुख्य पाटा उलटा केला आणि पोटाकडच्या बाजूवरून अंगठा फिरवला. “हात लावून बघा साहेब, घण लागलाय जागोजाग. भट्टीत गेलेलाच नाही हा. गारच कमान दिलीय ठोकून. ना भट्टी, ना तेल. राहणार कसा?” पाट्याला कमान द्यायची तर तो लाल करून, तेलात विझवून, पुन्हा टेंपर करावा लागतो. नुसता ठोकून वाकवला तर दिसायला कमान येते, पण ओझ्याखाली तो पुन्हा सपाट होतो, आणि घणाच्या वळापासून तडा जायची भीती वेगळी. थोडक्यात, ४२ हजारांच्या किटमध्ये भंगारातले पाटे होते, रंग मारलेले.

आता पुढची बाजू. माझ्या मते खरी लबाडी इथे आहे.

टॉर्शन बार म्हणजे चासीला समांतर जाणारा पोलादी दांडा. एक टोक सस्पेन्शनच्या आर्मला, दुसरं मागे अँकरमध्ये, आणि तिथे एक ॲडजस्टिंग बोल्ट. चाक वर आलं की दांडा पिळतो, तोच स्प्रिंग. तो बोल्ट आवळला की गाडीचं नाक वर येतं. त्याला एक रुपयाचाही भाग लागत नाही, फक्त पाना लागतो. आणि जाड बार टाकल्याने मुख्यतः उंची नाही, कडकपणा वाढतो. तो व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे २४ मिलिमीटरचा बार २५ चा केला तरी सुमारे १८ टक्के जास्त कडक. आमच्या ‘हेवी ड्यूटी’ बारला व्हर्नियर लावला तर माप कंपनीच्या बारएवढंच. टोकावरचा रंग खरवडला तर एका बारवर ‘आर’ कोरलेलं, म्हणजे उजव्या बाजूचा. दुसऱ्या बारवरही ‘आर’. टॉर्शन बारला कारखान्यात एकाच दिशेने पीळ देऊन तयार केलेलं असतं, म्हणून डावा-उजवा ठरलेला असतो. उजव्याचा बार डावीकडे टाकला तर तो उलटा पिळतो, लवकर बसतो, तुटूही शकतो.

हे कळवल्यावर त्याचा व्हॉइस मेसेज आला, तो मी जपून ठेवलाय: “सर, ते बार राहू द्या. तुमच्या कंपनीच्याच बारवर बोल्ट टाइट करा, दोन इंच आरामात येतं.” म्हणजे पुढच्या बाजूची अख्खी किट ही गाडीत आधीपासून असलेल्या एका बोल्टची होती! आणि बोल्ट आवळून दोन इंच घेणं हे आरामाचं काम नाही. चाकाला खाली जायला जागा उरत नाही, वरचा बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टचे सीव्ही जॉइंट कायम वाकड्या कोनात राहतात, त्यांचे रबरी बूट फाटतात, अलाइनमेंट जातं.

पैसे परत मागितल्यावर त्याने शेवटचा हुकमी पत्ता टाकला: “फिटिंग अधिकृत वर्कशॉपमध्ये झालं नाही, वॉरंटी रद्द.” घरी बसवा म्हणणारा हाच. त्यानंतर नंबर ब्लॉक.

कागदांची कथा याहून मजेशीर आहे. बिलावर पत्ता पुण्याचा, पण जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०६ ने. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा २७, ०६ हरियाणाचा. जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकला तर मालक कापडाचा व्यापारी निघाला, बिचाऱ्याला काही पत्ताच नसणार. यूपीआयचं खातं तिसऱ्याच माणसाच्या नावावर. एआरएआयचं सर्टिफिकेट म्हणून पहिल्या पानाचा फोटो पाठवला होता. त्यावरचं बारीक इंग्रजी मोठं करून वाचलं तर ते रिफ्लेक्टिव्ह टेपचं होतं. ट्रकच्या मागे लावतात ती.

‘आरटीओ अप्रूव्ह्ड’बद्दल एवढंच सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. लिफ्ट किटवर ‘अप्रूव्ह्ड’ छापणाऱ्याने तुमच्या आरसीसाठी काहीही केलेलं नसतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हेच कारण पुढे करू शकते. मी क्लबच्या ट्रॅकवर चालवतो, आपापली जोखीम आपण ठरवावी. पण विक्रेत्याच्या शिक्क्यावर विसंबून नाही.

नवीन थारवाल्यांना पुढच्या स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकची एकत्र जोडणी) डोक्यावर बसवायचे स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, विकले जातात. तिथे उलटी गोम आहे. पुढच्या चाकाशी स्पेसरच्या जाडीपेक्षा बरीच जास्त लिफ्ट मिळते, कारण स्ट्रट आर्मच्या टोकाला नसून मध्ये कुठेतरी बसतो. ‘दोन इंच लिफ्ट’ म्हणून दोन इंच जाडीचा स्पेसर कुणी देत असेल तर त्याला गाडी कळत नाही किंवा तुमची पर्वा नाही. आणि ‘ग्राउंड क्लिअरन्स दोन इंच वाढेल’ हे तर मागच्या सलग एक्सलच्या बाबतीत कुठल्याही किटने होत नाही. डिफरन्शियलचा गोळा एक्सललाच असतो, तो वर यायला मोठे टायरच लागतात.

तक्रारीचं काय झालं, तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, पण माल पोचलेला असल्याने बँकेने हा व्यवहाराचा वाद आहे म्हणून हात वर केले. १९१५ च्या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, समोरून उत्तर नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. अडलं ते नोटीस कुठे पाठवायची यावर, कारण बिलावरचा पत्ता बनावट. शेवटी ट्रान्सपोर्टची बिल्टी (माल पाठवल्याची पावती) कामाला आली. तिच्यावर माल चढवणाऱ्याचं खरं गोदाम आणि फोन नंबर होता, आणि नोटीस तिथेच लागू झाली. पुढची तारीख मिळाली आहे.

गाडी सध्या कंपनीच्याच बार आणि पाट्यांवर आहे. चाचांनी मागे एक जादा पाटा भट्टीतून काढून घातला, लांब शॉक मी वेगळे घेतले, आणि सव्वा इंचावर समाधान मानलं. ज्यांच्याकडे दोन ‘आर’ वाल्या बारचं असं खोकं आलंय त्यांनी आपापल्या जिल्ह्यात स्वतंत्र तक्रार टाकावी, माल गाडीला लावला नसेल तर लावू नये, आणि बिल्टी, खोक्यावरचं लेबल, व्हॉइस मेसेज यातलं काही फेकू नये.