हातखंब्याच्या तिठ्यावर घेतलेली सायकल

१६ हजार रोख आणि २ हजार मोबाईलवरून, असे १८ हजार रुपये मी एका गोष्टीपायी घालवले. सायकल त्या गोष्टीबरोबर आली, एवढंच.

विकणाऱ्याची गोष्ट अशी. मुलगा जर्मनीला गेला, त्याची रोड बाईक, म्हणजे बारीक टायरची वेगाची सायकल, दोन वर्षं माळ्यावर पडून आहे. ४८ हजारांना घेतलेली. ‘विकायला जीव होत नाही हो, पण खाऱ्या हवेत गंजून जाण्यापेक्षा चालवणाऱ्याच्या हातात गेली तर बरं.’ जाहिरातीच्या फोटोत सायकलीमागे पडवी, तुळशीवृंदावन आणि बाजूला वाळत घातलेल्या सुपाऱ्या. एवढं बघून कोकणातला माणूस विरघळणार नाही तर काय?

मला सायकल हवी होती हे खरंच. शुगर काठावर आलेली, डॉक्टरांनी दोनदा बजावलेलं. घर गोळपच्या बाजूला, ऑफिस रत्नागिरीत. सड्यावरून भाट्याचा उतार, झरी विनायक, खाडीवरचा पूल, की आलं शहर. दहा-अकरा किलोमीटर. जाताना मजा, येताना चढ. महिनाभर मोबाईलवर व्हिडिओ बघून मला वाटू लागलं होतं की आपल्याला सायकलीतलं कळतं. अॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), शिमानो सोरा (गिअरचा संच) हे शब्द तोंडपाठ झाले होते. त्याच्या जाहिरातीत नेमके हेच शब्द होते.

‘घरी येतो बघायला’ म्हटलं, तर म्हणाला, घरात सुतक आहे, मीच हातखंब्याच्या तिठ्यावर आणून देतो. सुतक म्हटल्यावर आपण पुढे बोलत नाही. (सुतकात सायकल विकायला बरा वेळ मिळाला त्याला, हे नंतर बायकोने विचारलं. मला सुचलं नव्हतं.) आदल्या दिवशी २ हजार टोकन मागितलं, कारण गोव्याहून दुसरं गिऱ्हाईक निघालंय. पैसे पाठवताना मोबाईलवर भलतंच नाव आलं. ‘मेहुण्याचं खातं आहे.’ बरं.

संध्याकाळी सात वाजता बंद टपरीपाशी टेम्पोतून सायकल उतरली. बारीक पाऊस, हायवेच्या गाड्यांचा झोत येईल तेवढाच उजेड. निळा चकचकीत रंग. माझी उंची पाच फूट पाच इंच. सायकलीवर दोन्ही पाय टाकून उभा राहिलो, तर वरची नळी टेकत होती. ‘सीट खाली घेतली की झालं.’ सीट हलेना. ‘घरी तेल सोडा, सुटेल.’ खरं तर सीट खाली घेतल्याने नळीची उंची कमी होत नाही आणि हँडलही जवळ येत नाही. फ्रेम मोठी ती मोठीच. हे मला व्हिडिओतून माहीत होतं. त्या क्षणी ४८ वजा १८ हा हिशोब डोक्यात चालू होता.

दुसऱ्या दिवशी पुतण्या आला आणि त्याने सहज मागच्या चकत्या मोजल्या. ‘काका, सोरा नऊची असते ना? या तर सात आहेत.’ मग त्याने फ्रिजवरचं लोहचुंबक आणलं. फ्रेमला लावलं, ठक्क. फोर्कला लावलं, ठक्क. अॅल्युमिनियमला आणि कार्बनला चुंबक चिकटत नाही. ‘कार्बन’ लिहिलेला स्टिकर नखाने उचकटला तर खाली ब्रशचे ओघळ. काजू बी तोलायच्या काट्यावर टांगली. जाहिरातीत साडेनऊ किलो, काट्यावर १४ किलो २०० ग्रॅम.

इथवर असतं तर म्हटलं असतं, लोखंडी तर लोखंडी, पाय मारले की चालते. आमचे वडील लोखंडीच सायकलीवरून पावसला जात होते. म्हणून चाकाचा आऊट (डुगडुग) काढायला शहरातल्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी चाकाकडे बघितलंच नाही. हँडलखाली, जिथे पुढची उभी नळी आणि तिरकी नळी जुळते, तिथे बोट फिरवत राहिले. मग खिशातून नाणं काढून खरवडलं. निळ्याखाली करडा थर, तो खपलीसारखा सुटला. लांबी. मोटारीच्या पत्र्याला भरतात ती. लांबीखाली केसाएवढी चीर, अर्ध्या नळीला वळसा घालून गेलेली.

‘कितीला घेतलीत?’
सांगितलं.
‘भाट्याच्या उताराला घातलीत का?’
‘नाही अजून.’
‘मग स्वस्तात सुटलात.’

हँडलचा सगळा भार त्या जोडावर येतो. उतारावर ब्रेक दाबल्यावर तो तुटला तर पुढे काय व्हायचं, ते मी त्या दिवशी परतीच्या रिक्षात बसून सविस्तर बघितलं.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, सायकलीचा नंबर काय? हा नंबर बहुतेक सायकलींना पॅडलच्या मधल्या नळीखाली ठोकलेला असतो. उलटी करून बघितली तर तिथे कानस मारलेली. म्हणजे चोरीची असण्याचीही शक्यता, आणि ती माझ्या दारात! अर्ज दिला. त्याचा फोन बंद. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायला मला आठवा दिवस उजाडला. ऑनलाइन गेलेले पैसे पुढे सरकायच्या आत गोठवता येतात, पण त्यासाठी लगेच फोन हवा, आठवड्याने नाही. शिवाय ऑनलाइन गेले ते २ हजारच. रोख १६ हजारांचा कागदाचा कपटा माझ्याकडे नाही. दुकानातून बिल घेऊन घेतली असती तर ग्राहक आयोगात तरी जाता आलं असतं.

एवढं झाल्यावर कळलं की मला तसली सायकल नकोच होती. बारीक टायरची, मडगार्ड लावायला भोकं नसलेली सायकल आमच्या पावसात आणि खड्ड्यांत रोज काय कामाची? आता साधी हायब्रिड (रोड बाईक आणि साध्या सायकलीच्या मधली) आहे, ७०० बाय ३५ चे जरा रुंद टायर, मडगार्ड, मागे कॅरिअर. सात दिवस दुकानात जाऊन, माप घेऊन, दिवसाउजेडी चालवून घेतली, बिल फाईलला आहे. भाट्याच्या चढाला सगळ्यात हलका गिअर टाकूनही जीभ बाहेर येते, पण उतरावं लागत नाही.

तीच पडवी आणि त्याच सुपाऱ्या परवा पुन्हा एका जाहिरातीत दिसल्या. सायकल यावेळी लाल. रत्नागिरी, संगमेश्वर, लांजा या बाजूला कुणी तिठ्यावर उभ्या उभ्या चकचकीत रोड बाईक घेतली असेल, तर आधी हँडलखालच्या जोडावर नाणं घासून बघा. रंग जातो, जाऊ दे. ते बघेपर्यंत घाटात घालू नका.