‘प्रश्न जोडा’ बटणामागचा एडिटर: काही महिने वापरल्यानंतर टायनीएमसीई

आमच्या प्रश्नपेढीच्या ॲपमध्ये शिक्षकांनी ‘प्रश्न जोडा’ दाबलं की खाली नवा संच उघडतो: प्रश्न, चार पर्याय, स्पष्टीकरण. मागे जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आहे आणि हे संच म्हणजे त्याच्या फॉर्मसेटचे, म्हणजे एकाच प्रकारच्या फॉर्मच्या गटाचे, फॉर्म. प्रश्नात ठळक अक्षरं लागतात, ‘जोड्या लावा’साठी तक्ता लागतो, त्यामुळे साध्या टेक्स्टएरियावर (फक्त साधा मजकूर घेणाऱ्या रकान्यावर) भागत नाही. गेले काही महिने तिथे टायनीएमसीई हा ब्राउझरमध्ये चालणारा मजकूर-एडिटर आहे आणि पुढेही राहील. पण जिथे रकाने पान उघडल्यानंतर तयार होतात, तिथे एडिटर निवडताना टूलबारवर किती बटणं आहेत हे बघून उपयोग नाही. रकाना येतो, हलतो आणि जातो, त्या वेळी एडिटरचं काय होतं ते आधी तपासा.

पान लोड होताना चाललेली स्क्रिप्ट त्या क्षणी हजर असलेल्याच रकान्यांना एडिटर लावते. नंतर आलेल्यांना वेगळं लावावं लागतं. इथे सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे आधीच्या संचाची क्लोन (हुबेहूब प्रत) करणं, आणि तोच टाळायला हवा. क्लोनबरोबर टूलबारचा सांगाडा येतो, पण त्याच्या मागचं काहीच येत नाही. बटणं दिसतात, दाबली तर ढिम्म. त्यापेक्षा कोरा संच एचटीएमएलच्या टेम्प्लेट टॅगमध्ये ठेवावा. त्यातलं काही पानातले घटक शोधणाऱ्या सिलेक्टरला सापडत नाही, त्यामुळे मूळ प्रत कोरीच राहते. तिथून प्रत काढायची, जँगोच्या ‘प्रीफिक्स’ या खुणेच्या जागी क्रमांक घालायचा (त्यानेच रकान्याला स्वतःचा आयडी मिळतो), संच पानात जोडायचा आणि मग त्या एकाच टेक्स्टएरियावर एडिटर सुरू करायचा. क्रम हाच हवा, कारण टायनीएमसीई प्रत्येक एडिटर आयडीवरून ओळखतो. जँगो ॲडमिनच्या (तयार व्यवस्थापन पानांच्या) इनलाइन फॉर्ममध्ये हे करायचं असेल तर ‘फॉर्मसेट:ॲडेड’ हा इव्हेंट तयार मिळतो. ४.१ पासून तो साधा जावास्क्रिप्ट इव्हेंट आहे, जेक्वेरी या लायब्ररीची गरज नाही.

संच काढतानाही आयडी आडवा येतो. पानातून संच गेला तरी एडिटरची नोंद मागे राहते. पुढे त्याच आयडीचा रकाना आला की टायनीएमसीईला वाटतं इथे एडिटर आहेच, आणि नवा रकाना साधा टेक्स्टएरियाच राहतो. कन्सोलमध्ये एररही दिसत नाही. म्हणून आधी एडिटर रिमूव्ह, मग संच डिलीट.

सगळ्यात जास्त वेळ मात्र प्रश्नांचा क्रम बदलण्यात गेला. शिक्षकांना प्रश्न ओढून वर-खाली करता यायला हवे होते. टायनीएमसीई नेहमीच्या मोडमध्ये मजकूर आयफ्रेममध्ये (पानात बसवलेल्या वेगळ्या पानात) ठेवतो, आणि आयफ्रेम पानात एका जागेवरून दुसरीकडे हलवला की ब्राउझर तो नव्याने लोड करतो. हा ब्राउझरचा स्वभाव आहे, एडिटरचा दोष नव्हे. पण वापरणाऱ्याला दिसतं एवढंच, की दहा ओळींचा उतारा ओढला आणि चौकट रिकामी झाली. आम्ही ओढायला सुरुवात होताच त्या संचातला मजकूर टेक्स्टएरियात उतरवतो, एडिटर काढतो आणि संच सोडला की पुन्हा लावतो. डोळ्यांना जरा लुकलुकतं, पण अक्षरही जात नाही. क्रोम १३३ मध्ये आलेलं ‘मूव्हबिफोर’ हे फंक्शन आयफ्रेम रीलोड न करता जागा बदलतं. ते सगळीकडे रुळलं की ही कसरत संपेल.

नेहमीच्या सबमिटला एडिटर आपला मजकूर स्वतःच टेक्स्टएरियात भरतो. फेचने (पान न बदलता, जावास्क्रिप्टमधून) पाठवत असाल तर आधी ‘ट्रिगरसेव्ह’ बोलवा. ‘रिक्वायर्ड’कडेही (रकाना भरणं सक्तीचं करणाऱ्या खुणेकडे) लक्ष असू द्या. जँगो ते फॉर्मसेटच्या संचांवर लावत नाही, पण मुख्य फॉर्मवर लावतो. तिथे एडिटर असेल तर ब्राउझर लपलेला, अजून न भरलेला टेक्स्टएरिया तपासतो आणि सबमिट अडवतो. दाखवायला जागाच नसल्याने संदेशही दिसत नाही. ‘रिक्वायर्ड’ काढून टाका आणि तपासणी सर्व्हरवर करा.

मराठीसाठी दोन गोष्टी मुद्दाम कराव्या लागल्या. पानाची सीएसएस आयफ्रेमच्या आत पोचत नाही, म्हणून एडिटरच्या ‘कंटेंट स्टाइल’मध्ये नोटो सान्स देवनागरी फॉन्ट आणि ऐसपैस लाइन-हाइट वेगळी दिली. वेलांट्या आणि रफार त्यानंतरच मोकळे दिसू लागले. दुसरी गोष्ट पेस्टची. शिक्षकांकडच्या जुन्या प्रश्नपत्रिका बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये (रोमन अक्षरांना देवनागरीचं रूप देणाऱ्या) असतात. तो फॉन्ट गळला की उरतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. कुठलाही एडिटर हे सुधारून देत नाही. पेस्ट करताना मजकुरात देवनागरी सापडली नाही तर आम्ही लगेच ‘आधी युनिकोडमध्ये बदला’ अशी सूचना दाखवतो. या एका सूचनेने शिक्षकांचा सगळ्यात जास्त त्रास वाचला.

वेगाचं म्हणाल तर वीस प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय, सगळीकडे एडिटर लावला तर एकशेवीस होतात आणि शाळेतला जुना संगणक दमतो. पर्यायांना साधी इनपुट ठेवली आहे. स्पष्टीकरणाला एडिटर लागतो तो रकान्यात क्लिक केल्यावरच.

इतर एडिटरही चाळून पाहिले. ट्रिक्स कस्टम एलिमेंट (स्वतःचा एचटीएमएल टॅग) असल्याने पानात आला की आपोआप चालू होतो. रकाने जोडण्यासाठी तो फार सुटसुटीत आहे, पण तक्ते नाहीत. सीकेएडिटर ५ आयफ्रेम वापरत नाही, त्यामुळे ओढाओढीत टिकतो. मात्र तो तयार होणं आणि मोडणं दोन्ही प्रॉमिसवर चालतं, म्हणजे काम लगेच न होता थोड्या वेळाने पुरं होतं, तेव्हा भराभर जोडा-काढा करताना जपावं लागतं. क्विलला टेक्स्टएरिया चालत नाही, मजकूर लपलेल्या इनपुटमध्ये स्वतः उतरवावा लागतो. लायसन्सही वाचा: टायनीएमसीई ६ एमआयटी या सैल अटींच्या लायसन्सवर होता, ७ पासून जीपीएल (अटी कडक) किंवा पैसे भरून.

आलेलं एचटीएमएल आम्ही सर्व्हरवर एनएच३ या पायथन लायब्ररीने गाळतो. चालणाऱ्या गोष्टींच्या तिच्या मूळ यादीत तक्त्याचे टॅग आहेत, पण स्टाइल ॲट्रिब्यूट नाही. त्यामुळे ‘जोड्या लावा’च्या तक्त्यात शिक्षकांनी ओढून ठरवलेली रुंदी साठवताना जाते. सध्या तक्त्याचे दोन्ही स्तंभ सीएसएसने समान रुंदीचे केले आहेत, आणि छापील प्रश्नपत्रिकेत तेच नीटनेटकं दिसतं.