क्लाउडची परीक्षा, बंद शटर आणि माझे 40,799 रुपये

क्लाउडच्या परीक्षेची तयारी करून देतो म्हणणाऱ्या एका बनावट क्लासने मला फसवलं. आधी हिशेब मांडतो, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको. सीट ब्लॉक करायचे 2,000. कोर्सचे 18,500. लॅब ॲक्सेसचे, म्हणजे ऑनलाइन सरावाच्या यंत्रणेचे, 6,800. परीक्षेचं व्हाउचर (फीच्या जागी टाकायचा क्रमांक) आणि सोबत 'रिअल क्वेश्चन्स' मिळून 11,500. आणि हे सगळं बुडाल्यावर रिफंड सुटावा म्हणून भरलेले 1,999. एकूण 40,799 रुपये. शेवटच्या आकड्यावरून बायको अजून बोलते. बोलू दे, तिचं बरोबरच आहे.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. एका कारखान्यात 16 वर्षं सर्व्हर सांभाळतोय. ओटीपी आजवर कुणाला दिलेला नाही. वीज तोडण्याचे मेसेज, पार्सलात ड्रग्ज सापडल्याचे फोन, डिजिटल अरेस्ट, या सगळ्यावर कारखान्यात कामगारांना बसवून भाषण देणारा मीच. सांगायचं कारण एवढंच की 'शिकलेला माणूस असून कसा फसलास' हा प्रश्न मला सहा जणांनी विचारून झालाय. सातव्याने विचारू नये.

आमचे सगळे सर्व्हर व्हीएमवेअरवर, म्हणजे एका यंत्रावर अनेक सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली आणि त्या वर्षाच्या अखेरीस कायमची लायसन्सं विकणं बंद झालं. आता सगळं वर्गणीवर, प्रोसेसरचे कोअर मोजून. आमच्या वरच्या साहेबांनी ते बिल पाहिलं आणि आयटीतल्या आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, नवीन प्रायव्हेट क्लाउड (आपल्याच सर्व्हरांवर उभा केलेला क्लाउड) ज्याला येतो तो राहील. माझ्याबरोबरच्या पोराचं वय 26. माझं 43.

बाबांचे दोन ट्रक खाणीवर होते. 2012 ला खाणी थांबल्या, परत सुरू झाल्या, 2018 ला पुन्हा थांबल्या. अंगणात ट्रकच्या टायरांमधून गवत उगवलेलं मी पाहिलंय. त्यामुळे 'ज्याला येतं तो राहील' हे वाक्य ऐकून माझ्या पोटात काय झालं ते डिचोली-साखळीकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

परीक्षा होती त्याच क्लाउडची, व्हीएमवेअर क्लाउड फाउंडेशन (व्हीसीएफ) 9.0 ॲडमिनिस्ट्रेटरची. फी अडीचशे डॉलर, गुण 100 ते 500 च्या मापात, 300 ला पास. त्यातलं व्हीस्फिअर, म्हणजे सर्व्हर चालवायचा भाग, मला झोपेतही येतं. पण व्हीसॅन (साठवण), एनएसएक्स (नेटवर्क), ऑटोमेशन हे सगळं एका मोळीत बांधलेलं हाताळायचं तर यंत्रं हवीत. मॅनेजमेंट डोमेन, म्हणजे बाकी सगळं सांभाळणारा गाभा, एका होस्टवर (सर्व्हरच्या यंत्रावर) उभं राहत नाही, तीन-चार होस्ट लागतात, आणि माझ्या घरी 16 जीबी रॅमचा लॅपटॉप. त्यावर काय उभं करणार, गणपतीवर बांधतात ती माटोळी?

जुलैमध्ये मोबाइलवर जाहिरात दिसली. पर्वरीचा पत्ता, 'गोव्यातलं पहिलं' वगैरे, पास होण्याची हमी. मी चौकशीचा फॉर्म भरला आणि दहा मिनिटांत फोन. मुलगी गोड बोलणारी, अर्धं मराठी अर्धं कोंकणी. मी म्हटलं वय झालंय, जमेल का. ती म्हणाली, "भिवपाची गरज ना, सर." घाबरायची गरज नाही. हसलो मी. गोव्यात हे वाक्य चेष्टेचंच झालंय, ऐकून कोण हसत नाही? तिथेच अर्धा गेलो.

कोर्स केल्याशिवाय परीक्षेलाच बसू देत नाहीत, असं तिने सांगितलं. ही गोष्ट एके काळी खरी होती आणि मला तीच ठाऊक होती. 2024 मध्ये ती अट काढून टाकलीय. ब्रॉडकॉमच्या स्वतःच्या सर्टिफिकेशनच्या पानावर जाऊन दोन मिनिटं वाचलं असतं तर 18,500 वाचले असते. नाही वाचलं. चवथीसाठी, म्हणजे गणपतीसाठी, बाजूला काढलेल्या पैशांतून भरले.

(पैसे यूपीआयने गेले. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर घेणाऱ्याचं नाव येतं ना, तिथे इन्स्टिट्यूट नव्हती, एका बाईचं साधं नाव होतं. "आमच्या अकाउंटंट मॅडम," म्हणे. ते नाव वाचत जा.)

आता तो तिसरा वर्ग. हा मी रोज रात्री परत बघतो.

रात्रीचे साडेनऊ, ऑनलाइन वर्ग, आम्ही 11 जण. शिकवणारा कॅमेरा कधीच लावायचा नाही. त्या दिवशी विषय होता सगळी यंत्रणा पहिल्यांदा उभी कशी करायची, आणि स्लाइडवर क्लाउड बिल्डर. क्लाउड बिल्डर हे आवृत्ती 5 च्या पिढीचं साधन. 9 मध्ये ते गेलं, त्याच्या जागी व्हीसीएफ इन्स्टॉलर आलं. मला हे माहीत होतं! आदल्याच आठवड्यात वाचलेलं. मी माइक चालू करून विचारलं, "सर, हे 9 मध्ये नाही ना?" वर्गात शांतता. मागे कुठेतरी पंख्याचा आवाज. मग तो म्हणाला, "सर, तुम्ही तर एक्सपर्ट आहात. तुम्हाला शिकवायची गरजच नाही, तुम्हाला फक्त प्रश्न पाहिजेत. वर्ग संपल्यावर थांबा."

आणि मी थांबलो.

राग त्याच्यावर आहेच, पण खरा राग त्या थांबण्याचा आहे. समोरच्याला विषय येत नाही हे मला उघड दिसलं होतं. 9 च्या परीक्षेची तयारी करून घ्यायला निघालेला माणूस 5 ची स्लाइड दाखवत होता. दुसरा कुणी असता तर मी त्याचे कान पकडले असते. पण त्याने मला दहा जणांसमोर एक्सपर्ट म्हटलं. कारखान्यात 16 वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

वर्गानंतर त्याने योजना सांगितली. परीक्षेत येणारे खरे प्रश्न आणि निम्म्याहून कमी किमतीत व्हाउचर, दोन्ही मिळून 11,500. पीडीएफ. डंप म्हणतात त्याला, तुम्हाला माहीत असेलच. हे नियमात बसत नाही, पकडलं तर सर्टिफिकेट रद्द होतं, हे मलाही माहीत होतं. मी मनाची समजूत घातली की विषय मला येतोच, हे नुसतं सरावासाठी. शिवाय सगळेच करतात. शिवाय तो 26 वर्षांचा पोरगाही करत असणार. (नव्हता करत. तो नुसता अभ्यास करून सप्टेंबरात पास झाला.)

लॅबचं तर विचारूच नका. 6,800 देऊन एक लिंक मिळाली, आत सगळं झकास मांडलेलं. ठरावीक वेळाने लॅब आपोआप बंद पडायची, मी म्हणायचो बरेच जण वापरतात म्हणून असेल. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'हँड्स-ऑन लॅब्स' लिहिलेलं होतं. एक दिवस त्याच पोराने माझ्या स्क्रीनवर डोकावून विचारलं, "ही फुकटची लॅब ना? मीपण हीच करतो." व्हीएमवेअरची ही लॅब कुणालाही फुकट आहे, नाव नोंदवलं की झालं. 6,800 रुपये मी एका उघड्या दाराची किल्ली घ्यायला दिले. तेव्हा मी त्याला म्हटलं, "हो, तीच." आणखी काय म्हणणार?

चवथीनंतरच्या सोमवारी परीक्षेची तारीख घ्यायला बसलो. व्हाउचरचा क्रमांक टाकला, अवैध. पुन्हा टाकला, अवैध. ओ आणि शून्याची अदलाबदल करून बघितली, आठ वेळा. फोन लावला तर बंद. पीडीएफ नीट उघडली तेव्हा कळलं, निम्मे प्रश्न जुन्या आवृत्तीचे आणि काही उत्तरं धडधडीत चूक.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून पर्वरीला निघालो. उड्डाणपुलाच्या कामात तासभर अडकलो, ते दुःख वेगळं. पत्त्यावर इमारत होती, दुकानाचा नंबरही होता, शटर बंद. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "क्लासवाले? तुम्ही चौथे." तिथे क्लास कधी नव्हताच, दोन वर्षं गाळा रिकामा. मग मी त्यांची पावती पहिल्यांदा नीट बघितली. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो, त्यांचा 14. गोव्याचा 30 ने सुरू होतो, त्यांचा 36 ने. आयपी ॲड्रेसमधला एक ठिपका चुकला तर ओरडणारा माणूस मी.

त्याच रात्री दुसऱ्या नंबरवरून मेसेज आला. गैरसोयीबद्दल क्षमस्व, आपला पूर्ण रिफंड मंजूर, प्रोसेसिंग 1,999. भरले. का भरले ते विचारू नका, मला सांगता येत नाही.

आता पोलीस. ठाण्यात पहिल्या दिवशी "सायब नात, फाल्यां यात." साहेब नाहीत, उद्या या. फाल्यां गेलो. सायब होते, जेवत होते. तिसऱ्या दिवशी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पैसे घेतलेल्या बाईचं खातं गोव्याबाहेरचं आहे, तिथे जाऊन तक्रार द्या. जुलै 2024 पासून नवा कायदा आहे, गुन्हा कुठेही घडला तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते, झिरो एफआयआर म्हणतात, हे मी छापून नेलं होतं. त्यांनी कागद उलटा करून बघितला, मागे काही आहे का. मग विचारलं, "हे 11,500 कशाचे?" मी म्हटलं व्हाउचर आणि प्रश्न. "कसले प्रश्न?" परीक्षेचे. "म्हणजे फोडलेला पेपर?" शेजारचा हवालदार लिहायचा थांबून बघायला लागला. मी काय उत्तर देणार? म्हणालो, सरावाचे. पण माझा चेहरा त्यांनी वाचला असणार, कारण त्यानंतर माझं काम आणखी मागे पडलं. दोनदा अर्ज नव्याने लिहून घेतला. एकदा मराठीत, मग म्हणाले इंग्रजीत आणा. पोच मागितली तर "शिक्का संपलाय". शिक्का संपतो? शाई संपते! महिनाभर खेटे घातले, पेट्रोलचा खर्च वरच्या हिशेबात धरलेला नाही. आजही तक्रार कुठल्या टेबलावर आहे ते मला माहीत नाही आणि त्यांनाही नाही.

बँकेच्या शाखेत तर पाच मिनिटांत निकाल. "पिन तुम्हीच टाकलात ना?" हो. "मग ही फसवणूक आमच्याकडे येत नाही." पुढचा टोकन.

माझी एक चूक इथेही आहे, मीच सांगतो. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मी फोन केला तो 19 व्या दिवशी, लाजेपायी. तोवर खात्यात काही उरलेलं नव्हतं. तो फोन पहिल्या तासात करायचा असतो, पैसे पुढे सरकायच्या आत. लाज नंतर बाळगता येते. आता ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही. पण नोटीस पाठवणार कुठल्या पत्त्यावर, त्या शटरवर?

आणि हो, आधार कार्ड पाठवायचंच असेल तर आकडे झाकलेलं पाठवा. मी अख्खं पाठवलं होतं, सोबत पासपोर्ट साइज फोटो, 'एक्झाम प्रोफाइल'साठी.

त्या फोटोचं काय झालं ते गेल्या शुक्रवारी कळलं. कुडाळहून एका मुलाचा फोन आला. नवीन नावाच्या एका क्लासच्या जाहिरातीत माझा फोटो आहे, खाली माझं नाव, कारखान्याचं नाव आणि 'स्कोअर 437'. त्याने कारखान्यात फोन करून माझा नंबर मिळवला होता. "काका, तुम्ही एवढे मार्क काढलेत, क्लास चांगला आहे ना?"

मी त्याला सगळं सांगितलं, वरचं सगळं, प्रश्नांच्या पीडीएफसकट. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "पण सीट ब्लॉक करायचे 2,000 मी आत्ता सकाळीच भरले."

किती वाजता, मी विचारलं. दहाला, म्हणाला. घड्याळात पावणेअकरा झाले होते. म्हटलं माझा फोन ठेव आणि 1930 लाव.