ओल्या गाडीचे फोटो आणि दहा हजारांचा इसार

जुनी गाडी घेताना माणूस फसतो तो बहुतेक वेळा गाडी बघण्याआधीच. फोटो बघून मन बसतं, "उद्या पुण्याची पार्टी येतेय" असा फोन येतो आणि इसार जातो. त्यानंतर गाडी बघायला गेलेला माणूस तपासायला जात नाही, न्यायला जातो.

मिरजेकडच्या एका कुटुंबाचं असंच झालं. पांढरी सेडान, एमएच १० पासिंग, जाहिरातीत "सिंगल ओनर, नॉन-अ‍ॅक्सिडेंट" आणि चौदा फोटो. दहा हजार रुपये इसार मोबाईलवरूनच गेला. गाडी संध्याकाळी शेडमध्ये ट्यूबलाइटखाली दाखवली आणि ती घरी आली. तीन-चार धुण्यांनंतर रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे वर आले आणि उन्हात उजव्या मागच्या क्वार्टर पॅनेलवर (मागच्या चाकावरच्या पत्र्यावर) लाट दिसायला लागली. डेंटरनं रंगाची जाडी मोजणारा पेंट मीटर लावला. डाव्या बाजूला ११० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), उजव्या बाजूला ९०० च्या वर. म्हणजे रंगाखाली सरळसरळ पुट्टी, खड्डा भरायचा लेप. मागून ठोकलेली गाडी होती.

आता ते चौदा फोटो पुन्हा बघितले तर सगळं त्यातच आहे. एकही फोटो खोटा नाही, फक्त प्रत्येकाचा उजेड निवडून घेतलेला.

गाडीचा पत्रा चेंबला आहे हे डोळ्याला रंगावरून कळत नाही, रंगात पडलेल्या प्रतिबिंबावरून कळतं. समोरच्या कंपाउंडची कड, विजेची तार, ट्यूबलाइट यांची सरळ रेघ पॅनेलवर वाकली की तिथं खड्डा किंवा फुगवटा असतो. म्हणून फोटो काढणारा आधी रेघाच काढून टाकतो. मोकळं मैदान आणि सूर्य मावळल्यावरची पंधरा-वीस मिनिटं, एवढं त्याला पुरतं. सगळं आभाळ एकसारखं उजळ असतं, पत्र्यात दुसरं काही उमटतच नाही. त्यात मोबाईलला पोलरायझर फिल्टर अडकवला तर काचेवरची आणि तिरक्या कोनातून बोनेटवर दिसणारी उरलीसुरली चमकही बरीचशी जाते.

दुसरी युक्ती पाण्याची. चौदापैकी नऊ फोटोंत गाडी ओली होती. ओरखडा दिसतो कारण त्याच्या कडांवरून उजेड विखुरतो. पाणी त्या खाचेत भरलं की विखुरणं कमी होतं आणि ओरखडा तेवढ्यापुरता नाहीसा होतो. ग्लेझ लावून केलेलं पॉलिश हेच काम जरा जास्त दिवस करतं, ते खाचा बुजवतं आणि काही धुण्यांत निघून जातं.

गाडी पांढरी असेल तर आणखी सोपं. फोटो थोडा जास्त उजळ ठेवला की पांढरा रंग सपाट होतो. दरवाजाच्या हँडलखालची सावली आणि बाजूनं जाणारी बॉडी लाइन दिसत नसेल तर त्या फोटोत खड्डाही दिसणार नाही. काळ्या किंवा लाल गाडीला ही सवलत नाही, म्हणून तिचे फोटो लांबून असतात.

सगळ्यात बोलकं असतं ते न काढलेलं. चार दरवाजे, पुढचे दोन फेंडर, मागचे दोन क्वार्टर पॅनेल, बोनेट, छत, डिकी आणि दोन बंपर मिळून तेरा भाग. या जाहिरातीत पुढचा डावा कोपरा पाच वेळा होता, मागचा उजवा कोपरा एकदाही नाही. तेराही भागांचा समोरून, कोरड्या गाडीचा, दिवसाउजेडी फोटो मागा. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा. व्हिडिओ मागाल तर रेकॉर्ड केलेला नको. थेट कॉलवर गाडीभोवती हातभर अंतरानं, सावकाश फिरायला सांगा. तारेचं प्रतिबिंब पत्र्यावरून सरकत जाताना कुठं हिसका घेतं ते बघा.

समक्ष बघायला सकाळी जा. रंगातला फरक सावलीत उभं राहून, दोन शेजारच्या पॅनेलवर तिरकी नजर टाकून कळतो. सिल्व्हर किंवा ग्रे मेटॅलिकमध्ये तर समोरून सारखा वाटणारा शेड बाजूनं गडद निघतो. पिवळ्या सोडियम दिव्याखाली हा फरक जवळजवळ पुसला जातो, म्हणून "रात्री या, निवांत बघा" या आग्रहाला भुलू नका. ओरखड्यांसाठी मोबाईलचा टॉर्च पत्र्याजवळ धरून फिरवा. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो, २०० च्या वर गेला की पुन्हा रंगवलेला, ५०० च्या वर बहुतेक पुट्टी. मीटर नसेल तर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक चालतं, जाड पुट्टीवर ते ढिलं धरतं. प्लास्टिकच्या बंपरवर मात्र दोन्ही निरुपयोगी. दरवाजाचं रबर बीडिंग ओढून आतले स्पॉट वेल्डचे (कारखान्यात पत्रे जोडताना पडलेले) गोल ठसे बघा, दोन्ही बाजूंना सारखे हवेत. बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग पान्यानं उडालेला असेल तर बोनेट बहुधा उतरलं होतं.

सांगलीत आणखी एक गोष्ट फोटोत कधीच येत नाही, ती म्हणजे पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा शहरात पाणी. अशा गाड्यांचे आतले फोटो फार देखणे असतात, कारण सीट कव्हर आणि मॅट नवी कोरी घातलेली असतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटखालचे बोल्ट गंजलेत का आणि कार्पेटखाली हात घातल्यावर रेती लागते का, हेही बघा. वास तर दार उघडताच येतो, आणि गाडीत भडक अत्तर मारलेलं असेल तर जास्तच संशय घ्या.

गाडी न बघता इसार द्यायचाच नाही. द्यावाच लागला तर पावतीवर "अपघाती काम, पुट्टी किंवा पुराचं पाणी निघाल्यास इसार परत" असं लिहून घ्या, जाहिरातीचे तारखेसकट स्क्रीनशॉट आणि मूळ फोटो जपून ठेवा. डीलरकडून घेतलेल्या गाडीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करता येते. मालकाकडून थेट घेतली असेल तर सहसा दिवाणी कोर्टच, आणि तिथं दहा हजारांसाठी किती फेऱ्या मारायच्या हे विकणाऱ्यालाही चांगलं ठाऊक असतं.