स्ट्रॉमन बीएलटी ४.१ मिमी इम्प्लांट: खालच्या पहिल्या दाढेसाठी कसा आहे?

खालची पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते, त्यामुळे किडायलाही तिला सगळ्यांत जास्त वर्षं मिळतात. ती काढावी लागली आणि तिथे एकच इम्प्लांट (हाडात बसवायचं कृत्रिम मूळ) बसवायचा ठरला, तर स्ट्रॉमन या स्विस कंपनीचा बीएलटी (बोन लेव्हल टेपर्ड, म्हणजे हाडाच्या पातळीत बसणारा निमुळता), व्यास ४.१ मिमी, लांबी १० मिमी, हा अतिशय भरवशाचा पर्याय आहे. कोरियन कंपन्यांच्या इम्प्लांटपेक्षा तो बराच महाग पडतो. ते जास्तीचे पैसे वसूल होतात ते पृष्ठभागात आणि जोडात (इम्प्लांट आणि वरचा भाग जिथे जुळतात तिथे). मात्र नियोजन चुकलं तर या दोन्हींचा काही उपयोग होत नाही.

धातू रॉक्सॉलिड, म्हणजे टायटॅनियममध्ये साधारण १५ टक्के झिर्कोनियम. नुसत्या टायटॅनियमपेक्षा हा मिश्रधातू मजबूत असतो. म्हणून काही जण अरुंद हाड दिसलं की दाढेच्या जागीही ३.३ मिमीचा घालतात. तसं करू नये. दाढेवर चावण्याचा जोर फार येतो, आणि ३.३ चा जोडही वेगळा, लहान मापाचा असतो. ४.१ आणि ४.८ या दोन्हींना मात्र एकच आरसी (रेग्युलर क्रॉसफिट) जोड आहे, वरचे भाग तेच चालतात. हाडाची रुंदी ८ मिमीच्या पुढे असेल तर ४.८ घ्या. ७ मिमीच्या आसपास असेल तर ४.१ बरा, कारण गालाकडच्या बाजूला दीड ते दोन मिमी हाड शिल्लक राहायलाच हवं.

पृष्ठभाग ही याची खरी ताकद. खरखरीत कणांचा मारा करून नंतर आम्लात कोरलेला एसएलए पृष्ठभाग जुनाच आहे. एसएलॲक्टिव्हमध्ये तोच पृष्ठभाग नायट्रोजनखाली धुऊन सलाइनच्या कुपीत ठेवतात, हवेत कोरडा होऊ देत नाहीत. त्यामुळे तो पाणी ओढतो. टोक रक्ताला टेकलं की रक्त आट्यांमधून आपोआप वर चढताना डोळ्यांना दिसतं. हाडाशी जुळायला साध्या एसएलएला ६ ते ८ आठवडे लागतात तिथे याला ३ ते ४ आठवडे पुरतात असं कंपनी सांगते. हाड चांगलं असेल आणि आयएसक्यू (इम्प्लांट किती घट्ट बसला ते सांगणारा आकडा) ७० च्या वर असेल तर हे पटण्यासारखं आहे. आकडा त्याखाली असेल तर कॅपची (वरच्या कृत्रिम दाताची) घाई करू नये.

पण कुपी उघडली की १५ मिनिटांत इम्प्लांट हाडात गेला पाहिजे. शेवटचं ड्रिल, टॅप (हाडात आटे पाडणं), खोली मोजणं, सगळं उरकल्यावरच कुपी उघडायची. आधी उघडून ट्रेमध्ये ठेवला, किंवा आत नेताना जिभेला, लाळेला लागला, तर ज्या गोष्टीचे जास्त पैसे मोजले तीच हातची गेली.

आकार निमुळता, आटे थेट टोकापर्यंत. मऊ हाडात पकड छान मिळते. खालच्या दाढेजवळचं हाड मात्र बहुधा घट्ट असतं आणि तिथे हाच निमुळतेपणा पाचरीसारखा वागतो. ४.१ साठी क्रम असा: जागेची खूण करून २.२ मिमीचं पायलट ड्रिल ८०० फेऱ्यांवर, मग पिन घालून दिशा बघायची, मग २.८ मिमी ६०० वर आणि ३.५ मिमी ५०० वर. घट्ट हाडात यापुढे वरची कड रुंद करणारं प्रोफाइल ड्रिल ३०० वर आणि टॅप १५ वर. फेऱ्या मिनिटाच्या. थंड सलाइन सतत सोडायचं आणि ड्रिल वर-खाली करत राहायचं, एका जागी दाबून धरायचं नाही. हाड मिनिटभर ४७ अंशांना तापलं तरी मरतं. एक ड्रिल दहा वेळांपेक्षा जास्त वापरू नये. बोथट ड्रिलमुळे झालेलं नुकसान त्या दिवशी कळत नाही, काही आठवड्यांनी इम्प्लांट हलायला लागल्यावर कळतं.

टॅप टाळला तर काय होतं? इम्प्लांट फिरवण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं, लक्ष्य ३५ न्यूटन-सेंटीमीटर. घट्ट हाडात इम्प्लांट पूर्ण खाली जायच्या आधीच टॉर्क त्याच्या कितीतरी पुढे जातो. तिथे जोर करायचा नाही. उलट फिरवून बाहेर काढायचा, टॅप करायचा आणि पुन्हा घालायचा. इम्प्लांट नेणारा निळा लॉक्सिम तुकडा ८० ला मुद्दाम तुटतो, म्हणजे आतला जोड वाचतो. पण तो तुटेपर्यंत जोर लावला असेल तर वरच्या कडेचं हाड चेपलेलं असतं आणि पुढे तिथेच ते झिजतं.

आता नियोजन. सुरुवात हाडापासून नको, कॅपपासून करा. सीबीसीटी (जबड्याचं त्रिमितीय स्कॅन) आणि तोंडाचं स्कॅन कोडायग्नॉस्टिक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक बसवायचं, आधी दाढ रेखायची आणि तिच्या मध्यातून इम्प्लांट खाली उतरवायचा. शेजारच्या दाताच्या मुळापासून दीड मिमी, खालच्या नसेपासून २ मिमी अंतर ठेवायचं. ड्रिलचं टोक खुणेच्या पुढे साधारण अर्धा मिमी जातं, तेही या २ मिमीत धरायचं. जिभेच्या बाजूला हाड खालून आत वळलेलं असतं, ते आडव्या छेदात नीट बघा. तिथे ड्रिल आरपार गेलं तर जिभेखाली रक्त साचतं आणि सूज वाढून श्वास अडू शकतो. या शस्त्रक्रियेतला सगळ्यांत मोठा धोका हाच.

खोली ठरवताना हिरडीची भावी कडा धरून तिच्या ३ मिमी खाली इम्प्लांटचं तोंड येईल असं बघा. दाढ पुढून मागे सुमारे ११ मिमी रुंद, इम्प्लांट ४.१. एवढी रुंदी वाढायला उंची लागते. इम्प्लांट उथळ बसला तर कॅप छत्रीसारखी पसरते, खाली अन्न अडकतं आणि ब्रश पोचत नाही. बाहेर पडण्याचा कोन ३० अंशांच्या आत ठेवणं हे हाड टिकण्यासाठी फार महत्त्वाचं आहे.

गाईड (ड्रिलची दिशा आणि खोली ठरवणारा, दातांवर बसणारा साचा) वापरणार असाल तर सॉफ्टवेअरने छापलेला तक्ता ट्रेशेजारी ठेवा. स्लीव्हची (गाईडमधल्या नळीची) उंची एच२, एच४ की एच६, हँडल +१ की +३, ड्रिल आखूड की लांब, यातलं एक चुकलं की खोली २ मिमीने बदलते. म्हणजे नसेसाठी राखलेलं सगळं अंतर संपतं. गाईडमुळे पाणी हाडापर्यंत कमी पोचतं, म्हणून बाजूनेही सलाइन सोडा. आणि तोंड पुरेसं उघडतं का ते गाईड बनवण्याआधीच तपासा, नाहीतर लांब ड्रिल मागे शिरतच नाही.

क्रॉसफिट जोड १५ अंशांच्या शंकूचा, आत चार खाचा. घट्ट आणि शांत जोड आहे. इथे चूक होते ती लॅबच्या ऑर्डरमध्ये. एकट्या दाढेला व्हॅरिओबेसचा (कॅप ज्यावर चिकटवतात त्या बेसचा) क्राउनसाठीचा, म्हणजे एकट्या कॅपसाठीचा, प्रकार लागतो. ब्रिजचा प्रकार आला तर त्याला खाचांत अडकणारा भाग नसतो, कॅप फिरते आणि स्क्रू सैल होत राहतो. बेसची हिरडीतली उंची १ मिमी न घेता २ किंवा ३ घ्या. कॅप लॅबमध्येच बेसवर चिकटवून वरून स्क्रूने बसवलेली हवी. तोंडात सिमेंट लावलं की ते हिरडीखाली राहतं आणि इम्प्लांटभोवती पू होण्याचं ते नेहमीचं कारण आहे. बसवल्यावर एक्स-रे काढून जोडात फट नाही ना ते पाहायचं. स्क्रू नवा, लॅबमध्ये वापरलेला नको. ३५ वर आवळायचा, दहा मिनिटं थांबून पुन्हा ३५. वर टेफ्लॉन टेप आणि कॉम्पोझिट.

दात काढला त्याच वेळी इम्प्लांट घालायचा असेल तर त्याच कंपनीचा बीएलएक्स जास्त पकड देतो. पण त्याचा टॉर्कफिट जोड वेगळा आहे, बीएलटीचे भाग त्याला लागत नाहीत.

पैसे देताना रुग्णाने एक गोष्ट मागून घ्यावी: कुपीच्या पाकिटावरचं स्टिकर. त्यावर इम्प्लांटचं नाव, व्यास, लांबी आणि लॉट नंबर असतो. फाइलला एक, रुग्णाकडे एक. पुण्यात बसवलेल्या इम्प्लांटचा स्क्रू दहा वर्षांनी दुबईत किंवा न्यू जर्सीत सैल झाला, तर तिथल्या डेंटिस्टला योग्य स्क्रूड्रायव्हर आणि स्क्रू मागवायला ते स्टिकर पुरतं. त्याचा फोटो फोनमध्येही ठेवा.